एक घोट पाणी आणि शुश्रूषेची कसोटी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात 'गुलेन बॅरी सिंड्रोम' अर्थात 'जीबीएस'चे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा चर्चा झाली ती दूषित पाण्याची, महागड्या इंजेक्शनांची आणि व्हेंटिलेटरची. या विकारात हातापायांबरोबर घशाचे स्नायूही लुळे पडू शकतात आणि अशा वेळी पाजलेला पाण्याचा एक घोटही घातक ठरू शकतो, ही बाब मात्र मागे राहिली.

नंदुरबार जिल्ह्यात हा धोका आणखी एका वाटेने येतो. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. वेदना जवळजवळ नसते, दंशाची खूणही अनेकदा दिसत नाही. काही तासांत पापण्या मिटू लागतात, आवाज बदलतो, लाळ गिळता येत नाही आणि पुढे श्वास थांबतो. कारणे भिन्न असली, तरी घसा लुळा पडल्यावर लागणारी शुश्रूषा बव्हंशी एकच असते.

सर्पविषरोधक लस रक्तातील विष निष्प्रभ करते. इजा झालेली चेतातंतूंची टोके ती दुरुस्त करू शकत नाही. ती पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागतात. हा काळ रुग्णाला निभावून नेते ती परिचारिका. तोंडाने काहीही न देणे, कुशीवर ठेवणे, साचलेली लाळ यंत्राने ओढून काढणे, नाकातून घातलेली नळी जठरातच आहे याची प्रत्येक वेळी खात्री करणे, नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणे, तोंड स्वच्छ राखणे, ही कामे साधी वाटतात. पण त्यांत चूक झाली, तर अन्न वा लाळ फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. शिवाय असा रुग्ण पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला सारे ऐकू येते, बोलता मात्र येत नाही. त्याच्याशी बोलत राहणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.

२०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु धडगाव वा अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि पुढे घाट असतो. घसा बहुधा श्वासाआधी हार मानतो. म्हणजे मोलाचे तास वाटेतच सरतात. नातेवाईक मायेने पाणी पाजतात, पाल्याचा रस देतात आणि नेमका तोच श्वासनलिकेत उतरतो.

म्हणूनच केवळ व्हेंटिलेटर वाढवून भागणार नाही. एकीकडे, व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे दर पाळीत एक प्रशिक्षित परिचारिका हवी. दुसरीकडे, आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातील परिचारिका आणि १०८ रुग्णवाहिकेतील कर्मचारी यांना पापण्या, आवाज व लाळ ही तीन लक्षणे ओळखता आली पाहिजेत. पापण्या जड झाल्या की पाणीही नको, हा निरोप पावरी, मावची, भिली बोलींत पाड्यापाड्यांवर जायला हवा. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्याची कसोटी लसीच्या साठ्याइतकीच रुग्णाच्या उशाशी असलेल्या माणसाच्या प्रशिक्षणावर लागणार आहे.