वीरांची थट्टा कोणी केली?

मुलांच्या वीरकथांत विनोद नको, असा सोवळा आग्रह अधूनमधून कानांवर येतो. आर्थर राजा आणि त्याच्या गोलमेजावरचे नाइट, म्हणजे चिलखतधारी शिलेदार, यांच्या जुन्या कथा इंग्रजीत मुलांना हसतखेळत सांगण्याची एक परंपराच आहे. टी. एच. व्हाइटने १९३८ साली ते केले. जेराल्ड मॉरिसने १९९८ पासून तशी पुस्तकांची मालिकाच लिहिली. यावर आक्षेप असा, की ही आदर्शांची विटंबना आहे. अशाने मुलांची श्रद्धा उडेल. मी शाळामास्तर, तेव्हा मीही या आक्षेपाला मान डोलवावी अशी अपेक्षा असते. मी डोलवणार नाही.

मुळात ही थट्टा सुरू केली कोणी? बाराव्या शतकात क्रेतियाँ या फ्रेंच कवीने लॅन्सलॉटची कथा लिहिली. तीत हा महावीर प्रेमाच्या तंद्रीत इतका बुडालेला असतो, की नदीच्या उतारावरचा पहारेकरी ओरडून ओरडून हटकतो तरी त्याला ऐकू जात नाही. पाण्यात आपटल्यावर स्वारी जागी होते! मॅलरीचा ग्रंथ कॅक्स्टनने १४८५ साली छापला. त्यात एका शिकारी बाईचा नेम चुकतो आणि बाण लॅन्सलॉटच्या पार्श्वभागात रुततो. खोगिरावर बसायची पंचाईत! पण गंमत इथे संपत नाही. तशा अवस्थेतही तो ठरल्याप्रमाणे स्पर्धेच्या मैदानावर उतरतो आणि पराक्रम गाजवतो. हसू आणि आदर एकाच प्रसंगातून उपजतात. हे मर्म त्या जुन्या लेखकांना कळले होते. या कथांना सोवळे नेसवले ते पुढे, एकोणिसाव्या शतकात. टेनिसनच्या काव्यात हा बाण शोधून सापडायचा नाही.

व्हाइटने तो जुना धागा पुन्हा हाती घेतला. त्याचा पेलिनोर राजा वंशपरंपरेने एका विचित्र श्वापदाच्या मागे धावतो आहे. चष्म्यावर धुके, कुत्री आवरत नाही, श्वापद हाती लागत नाही. शेवटी तो कंटाळून एका मित्राच्या गढीत मऊ गादीवर पडून राहतो. इकडे आपला पाठलाग कोणी करीत नाही म्हणून ते बिचारे जनावर झुरून मरायला टेकते! पेलिनोर त्याचे डोके मांडीवर घेऊन त्याला धीर देतो. मूल इथे पोट धरून हसते, आणि हसता हसता गप्प होते. निष्ठा म्हणजे काय, हे सांगायला माझे दहा तास अपुरे पडले असते.

आपल्या विराटपर्वातला उत्तर आठवा. बायकांत फुशारकी मारणारा, कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळणारा. व्यासांना विनोदाचे वावडे नव्हते. मग आपल्यालाच का असावे?

म्हणून कोणतीही टवाळी चालेल असे मात्र नव्हे. चिलखत गंजले, नाइट चिखलात पडला, संपली गोष्ट, असली पुस्तकेही निघतात. त्यांत विनोद फार झाला हा दोष नाही. पडलेला माणूस पुन्हा उठत नाही, हा दोष आहे. पालकांनी पुस्तक घेताना एवढेच पाहावे.

वर्गातली मुले रोज पडतात. पाढा चुकतो, शर्यतीत पाय अडखळतो, सारा वर्ग हसतो. जो वीर कधी घसरतच नाही, तो या मुलांच्या काय कामाचा? त्यांना तो लॅन्सलॉट हवा, ज्याला धड बसता येत नव्हते आणि जो तरीही घोड्यावर चढला.