गुरुवारी दवाखाना बंद!

आमच्या तालुक्याच्या गावात बायकांच्या दुखण्याला एकच डॉक्टरीणबाई. त्यांनी गुरुवारची ओपीडी बंद केली आणि आमच्या बचत गटात कुरबुर सुरू झाली. ‘‘एवढं शिकल्या, दवाखाना जोरात चालतोय, आता पीएच.डी. कशाला हवी?’’ खरं सांगते मैत्रिणींनो, त्यात माझाही सूर होता. सुनेला घेऊन एस.टी.नं आलेली बाई दाराचं कुलूप बघून परत फिरली, तर राग येणारच ना!

पण मग गडचिरोली आठवली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८! अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून सोसलेलं. रोज पेशंट बघणाऱ्या डॉक्टरनं ते मोजलं, म्हणून जगाला दिसलं. दूर बसून फायली चाळणाऱ्याला हे कसं कळावं?

आमच्या बाईंचा विषय आहे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना तो होता, आणि आधीच्या पाहणीत ४८ टक्के. गोळ्या वाटूनही आकडा चढला कसा, हे कुणीतरी शोधायला नको का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काम सांभाळून, अर्धवेळ पीएच.डी. करता येते. बायकांना दोन वर्षं जादा मुदत, शिवाय बाळंतपण आणि मुलांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा. चांगलंच आहे. पण एकटी डॉक्टर अभ्यासाला बसली, तर त्या दिवशी पेशंट कुणी बघायचे, यावर नियमात अवाक्षर नाही. ती ओढाताण तिची, आणि हेलपाटा आपला. घर तर तिलाही आहेच.

शेवटी आम्ही चौघीजणी त्यांच्याकडे गेलो. त्या चिडल्या नाहीत. अभ्यासासाठी रक्त देणं कुणावर सक्तीचं नाही, संमतीचा कागद मराठीत असतो आणि सही करण्याआधी तो वाचून दाखवायचा असतो, हे त्यांनी समजावलं. मी म्हटलं, ‘‘मॅडम, रिपोर्ट मात्र त्या बाईच्याच हातात द्या, नवऱ्याच्या नको.’’ त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, ‘गुरुवारी बंद. अडलेल्या बाळंतिणीसाठी फोन करा.’ खाली ठळक अक्षरांत नंबर. आता एस.टी. स्टँडवरही तशीच एक पाटी लावायची आहे. परवानगीचा अर्ज मी कालच दिलाय.