गळती आधी, तुंबणे नंतर

लघवी भरपूर होते आणि रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तेव्हा मूत्रपिंडे निरोगीच असली पाहिजेत, असा पूर्वपक्ष घरोघरी मांडला जातो. क्रिएटिनिन हे स्नायूंत तयार होणारे टाकाऊ द्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने त्याची रक्तातील वाढ बिघाडाची खूण ठरते, एवढे या मतात ग्राह्य आहे. मात्र वाढ नसल्यास बिघाडही नाही, हे अनुमान त्यातून निघत नाही.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याची सूक्ष्म यंत्रे, असतात आणि प्रत्येकाच्या मुखाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, ज्याला केशिकागुच्छ किंवा ग्लोमेरुलस म्हणतात. या गुच्छांतून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, पुढच्या नलिका त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात ओढून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. म्हणूनच गुच्छ मोठ्या संख्येने निकामी झाले तरी, नलिकांची ओढ मंदावल्यामुळे, लघवी पूर्वीइतकीच होत राहू शकते. क्रिएटिनिनही असेच फसवे आहे, कारण काही गुच्छ नष्ट झाले की उरलेले वाढीव दाबाखाली त्यांचे काम उचलतात आणि निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंत अहवाल निर्दोष दिसू शकतो. कृश वृद्धांत तर त्याहूनही उशिरा. या वाढीव दाबानेच पुढे उरलेल्या गुच्छांनाही वण पडतात.

गुच्छाचा रोग बहुधा प्रथम दिसतो तो गळतीने. निरोगी चाळण अल्ब्युमिन हे रक्तातील प्रमुख प्रथिन अडवते. मधुमेहाने किंवा शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्याने ती खराब झाली की अल्ब्युमिन लघवीत उतरते, फेस येतो आणि गळती फार वाढली तर पापण्या व पाय सुजतात. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने सूज, तापवल्यावर साकळणारी लघवी आणि रोगट मूत्रपिंडे यांचा संबंध 1827 मध्ये दाखवला, तो चमचा आणि मेणबत्ती एवढ्या साधनांवर. आज महागड्या 'फुल बॉडी चेकअप'मध्येही लघवीतील अल्ब्युमिन कधीकधी वगळलेले असते, हे नवलच. लघवीतल्या 1 ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले, तर रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल असूनही दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानला जातो.

शेवट डायलिसिसच, मग लवकर कळून काय साधणार, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. रॅमिप्रिल, लोसार्टन यांसारखी औषधे गुच्छातून बाहेर पडणारी वाहिनी सैलावून आतला दाब उतरवतात, म्हणजे वर सांगितलेल्या ऱ्हासाच्या मुळाशीच हात घालतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन या औषधाने मधुमेह नसलेल्यांचाही ऱ्हास मंदावला. लहान मुलांतील गळती बहुतेकदा स्टेरॉइडने थांबते. मोठ्यांत मात्र मूत्रपिंडाचा कणभर तुकडा तपासून, म्हणजे बायोप्सी करून, रोगाचा प्रकार ठरवावा लागतो आणि कधीकधी दोषी निघतो तो गोरेपणाच्या क्रीममधला किंवा एखाद्या भस्मातला पारा, जो बंद करताच अनेकांची गळती हळूहळू ओसरते.