भाकरी कोण पोचवते?

‘सर्जनशील एकांतवासा’च्या जाहिराती हल्ली मराठीतही दिसतात. समुद्र किंवा धुके, मान्यवरांचे मार्गदर्शन, रात्री शेकोटीभोवती काव्यवाचन. निसर्गाच्या सान्निध्यात प्रतिभेला पालवी फुटते, हा त्यामागचा समज. आम्हांला तो साफ अमान्य आहे. नारायण सुर्व्यांना गिरणगावाने जे दिले, ते महाबळेश्वराने खचितच दिले नसते.

मग कलावंताला अशा मुक्कामातून मिळते तरी काय? अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो येथे १९०७ साली स्थापन झालेली मॅकडॉवेल ही संस्था पाहावी. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल रानातल्या लाकडी खोपटात बसून संगीतरचना करीत आणि त्यांच्या पत्नी मारियन दुपारचे जेवण गुपचूप दाराशी ठेवून परत जात. तीच पुढे संस्थेची रीत झाली. जेवणाची टोपली दाराबाहेर येते, बोलावल्याखेरीज कुणी कुणाच्या खोलीत डोकावत नाही. थॉर्नटन वाइल्डरने ‘अवर टाउन’वर काम केले ते इथेच. झाडे तेथेही आहेत, नाही असे नाही; पण कलावंताच्या हाती पडतो तो न तुटलेला दिवस, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी श्रमांतून येतो.

मराठी पुरुष लेखकाला हा लाभ बहुधा घरबसल्याच होत आला आहे. दार लोटले की चहा आपोआप आत येतो. तुकोबा डोंगरावर नामचिंतनात बसत, आणि जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत. तिच्या पायात मोडलेला काटा विठ्ठलाने काढला, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. रोजची चढण मात्र आपल्या लेखी कथेबाहेरच राहते. मारियनबाई स्वतः पियानोवादक होत्या. १९०८ मध्ये पती निवर्तल्यावर संस्थेसाठी पैसा उभा करायला त्या पुन्हा वादनाचे कार्यक्रम करू लागल्या. त्यांच्या दाराशी टोपली कोणी ठेवली असेल?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. असे मुक्काम सवड आणि पैसा असलेल्यांना विकणे थांबवावे. रात्रपाळीची परिचारिका कविता लिहीत असेल, दोन वर्गांना एकदम शिकवणाऱ्या शिक्षिकेची कादंबरी अर्ध्यावर अडली असेल, तर बोलावणे आधी त्यांना जावे. तिची बुडणारी रोजची मिळकत, मागे घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा पगार, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सोय, हे सारे संस्थेने आपल्या खर्चात धरावे. शेकोटी आणि मान्यवर वगळले, तर त्यातला बराचसा भाग तिथूनच निघेल.