नागरिकत्वाला नोकरी लागत नाही, नोकरीला मात्र कागद लागतो

मोहर्ली : हाताला काम नाही, पगाराची चिठ्ठी नाही, खात्यात दोनशे रुपये. अशा माणसाला भारताच्या नागरिकत्वाचा अर्ज करता येतो का? सीएएचे नियम आल्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बंगाली कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा आहे. व्हॉट्सअॅपवर त्याची दहा उत्तरं फिरतात. त्यातलं एक असं की उत्पन्नाचा दाखला नसेल तर अर्जच बाद. ते चुकीचं आहे.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यात नोकरीची किंवा कमाईची अट कुठेच नाही. तिसऱ्या परिशिष्टात अटी दिल्या आहेत. ठरावीक वर्षांचं वास्तव्य पाहिजे, चारित्र्य चांगलं पाहिजे, आठव्या अनुसूचीतली एक भाषा आली पाहिजे. बंगाली त्या अनुसूचीत आहे, मराठीही आहे. म्हणजे मुलचेऱ्याच्या आजीला इंग्रजी येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. अर्जात धंदा विचारला तर शेतमजूर असेल तर शेतमजूर लिहावं, बेरोजगार असेल तर बेरोजगार लिहावं. खोटा धंदा लिहू नये, त्याची गरजच नाही.

जर्मनीसारख्या देशात गोष्ट वेगळी आहे. तिथे सरकारी मदतीवर जगणाऱ्याला नागरिकत्व मिळणं अवघड, स्वतःचा खर्च स्वतः भागवतो हे दाखवावं लागतं. परदेशात असलेल्या नातेवाइकाने तिथला नियम सांगितला आणि तो इकडे लागू धरला, असंही होतं. आपल्या कायद्यात तसं नाही.

आपल्याकडं अडचण उलटीकडून येते. नागरिकत्व नोकरी विचारत नाही, पण नोकरी नागरिकत्व विचारते. पोलीस भरती असो की वनरक्षक भरती, तहसीलमधून 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास' असा दाखला काढावा लागतो. नावातच राष्ट्रीयत्व आहे. मोहर्ली गेटवर गाईडचं काम असो की रिसॉर्टमधलं, तिथेही आधी पत्ता आणि ओळख विचारतात. आधार दाखवून वेळ निघून जाते, पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्याच कायद्यात कलम ९ मध्ये लिहिलेलं आहे. ज्याच्या घरात जुने कागद नाहीत त्याचं पोट्टं पळण्यात पहिलं आलं तरी दाखल्यापाशी अडकतं. बेरोजगारी आणि नागरिकत्व यांची गाठ इथे पडते.

आता थोडं मागे जाऊ. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, हिंदू निर्वासित फाळणीनंतर येतच होते. १९६४ च्या दंगलींनंतर लोंढा वाढला. रायपूरजवळच्या माना कॅम्पातून हजारो कुटुंबं पुढे पाठवली गेली. दंडकारण्य प्रकल्प १९५८ चा. त्यातून मलकानगिरी आणि पखांजूरकडे वस्त्या बसल्या. आपल्याकडेही बसल्या. मुलचेरा, चामोर्शी या भागातल्या बंगाली गावांना आणि चंद्रपूर शहरातल्या बंगाली कॅम्पला हा इतिहास आहे. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. सरकारने आणलं, जागा दिली, जमीन दिली. मग साठ वर्षांनी नातवाने नागरिकत्वाचा अर्ज का करायचा?

बहुतेक नातवांनी करायचाच नाही. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि गावात हेच कोणी सांगत नाही.

कायद्याचं कलम ३ जन्मावर बोलतं. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईबाप कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा बाप, दोघांपैकी एक नागरिक असला की पुरे. ३ डिसेंबर २००४ पासून अट कडक झाली. दोघंही नागरिक पाहिजेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको.

समजा आजोबा १९६५ मध्ये आले. बापाचा जन्म १९६९ चा, इथलाच. तो जन्माने नागरिक. आईचा जन्म १९७५ चा, तोही इथलाच. मग १९९८ मध्ये जन्मलेला मुलगा नागरिक आणि २००६ मध्ये जन्मलेली मुलगीही नागरिक. या घराला सीएएचा अर्ज नको. त्यांना पाहिजे ते बापाचा जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आईचा तसाच, आणि सगळ्यांची नावं एकसारखी लिहिलेली.

असा नागरिक एजंटच्या नादी लागून सीएएचा अर्ज भरतो तेव्हा काय करतो? आपण बांगलादेशचे असल्याचं स्वतःच्या सहीने लिहून देतो. असलेलं नागरिकत्व स्वतःच्या हाताने वादात घालतो. आणि खोटी माहिती देणं हा कलम १७ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, सही आपली राहते.

मग अर्ज कोणी करायचा? जो स्वतः तिकडे जन्मला आणि ज्याच्याकडे नागरिकत्वाचा कागद नाही, त्याने. जुन्या लोकांपैकी काहींनी त्या काळी नोंदणी करून प्रमाणपत्र घेतलं होतं. ते ज्यांच्याकडे असेल त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवावं. १९७१ नंतर आलेल्यांचा प्रश्न जास्त बिकट आहे. त्याहून बिकट त्या सुनांचा, ज्या नव्वदच्या दशकात लग्न होऊन तिकडून आल्या. अशा आईचं मूल २००४ च्या डिसेंबरनंतर जन्मलं असेल तर बाप नागरिक असूनही मुलाचं नागरिकत्व लटकतं. ते मूल आज भरतीच्या वयात आलं आहे. सीएएच्या कलम ६ब नुसार प्रमाणपत्र मिळालेली व्यक्ती भारतात आली त्या दिवसापासून नागरिक समजली जाते. म्हणून अशा घरात आधी आईचा अर्ज बघावा, पोराच्या भरतीचा फॉर्म नंतर.

सीएए संसदेत डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झाला, नियम ११ मार्च २०२४ ला आले. अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश इथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती यात बसतात. मुस्लिम बसत नाहीत, त्यावरून कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे. आणखी एक गोंधळ: सप्टेंबर २०२५ च्या केंद्राच्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. ती फक्त कागदपत्रांविना राहिल्याबद्दलच्या कारवाईतून सूट देते. नागरिकत्वाची तारीख २०१४ च आहे. मोबाईलवर दोन्ही बातम्या एकत्र करून पाठवणारे बरेच आहेत.

अर्ज ऑनलाइन. जिल्हा समितीचे प्रमुख कलेक्टर नाहीत, पोस्टाचे अधीक्षक आहेत. हे ऐकून लोकांना गंमत वाटते, पण नियम तसाच आहे. अंतिम निर्णय राज्यातल्या अधिकारप्राप्त समितीचा, तिचे प्रमुख जनगणना संचालक. मूळ देशाचा एक कागद, भारतात २०१४ पर्यंत आल्याचा एक कागद, स्वतःचं शपथपत्र आणि चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं शपथपत्र लागतं. तिकडचा पासपोर्ट नसला तरी चालतं. आई-वडील, आजोबा-पणजोबा त्या देशाचे होते असं दाखवणारा भारतातल्या सरकारी कार्यालयाचा कागदही धरतात, हे गृह मंत्रालयाने २०२४ मध्येच स्पष्ट केलं. म्हणजे आजोबाच्या पेटीतला पुनर्वसनाचा पिवळा पडलेला कागद आज कामाचा आहे. अर्ज केला म्हणून आधीपासून मिळत असलेले हक्क काढून घेता येणार नाहीत, असंही कलम ६ब मध्ये आहे.

आदिवासी बांधवांची शंकाही मोकळेपणाने बोलली पाहिजे. यांना नागरिकत्व मिळालं तर आमच्या जागा जातील का? सीएएतून सहाव्या अनुसूचीतले ईशान्येचे भाग वगळले आहेत. गडचिरोलीचं अनुसूचित क्षेत्र पाचव्या अनुसूचीतलं, त्याला ती सूट नाही. पण नागरिकत्वाने आदिवासींच्या जमिनीवर हक्क मिळत नाही, तिथे जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. आरक्षणही मिळत नाही. नमशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्रात नाही. माझ्या मते भांडण जागा इतक्या कमी का निघतात यावर व्हायला पाहिजे. मुलचेऱ्याचं बंगाली पोट्टं आणि भामरागडचं माडिया पोट्टं एकाच भरतीची वाट पाहत बसलं आहे.

बेरोजगार माणसाचा अर्ज कशामुळे फसू शकतो, तेही सांगून ठेवतो. समितीपुढे स्वतः जाऊन सही करावी लागते, निष्ठेची शपथ घ्यावी लागते. पुरेशी संधी देऊनही माणूस आला नाही तर अर्ज नामंजुरीच्या विचारासाठी वर जातो. आणि आपल्याकडची माणसं हंगामात तेलंगणात मिरची तोडायला गेलेली असतात, सिम बदललेलं असतं. अर्जात घरी राहणाऱ्या माणसाचा नंबर द्यावा, आणि अर्ज भरलेला असेल तर जायच्या आधी त्याची स्थिती बघून जावं.