मूल कोणाकडे, आणि खर्च कोणाकडे?

आपल्या देवास-धारकडे पोटगीला ‘भरण-पोषण’ म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त पटतो. पोटगी म्हटले की नवरा-बायकोचे भांडण डोळ्यांसमोर येते; भरण-पोषण म्हटले की मूल आठवते. मराठी घरांतही घटस्फोट ही आता कुजबुजीची गोष्ट राहिलेली नाही. लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेली मुलगी लहान मूल घेऊन माहेरी परत येते, तेव्हा वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मूल कोणाकडे राहणार?’ खर्च कोण, किती आणि कधीपासून देणार, हे विचारायला संकोच वाटतो.

यासाठी नागपूरचे एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या सुरुवातीला, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नीने सासर सोडले. कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये अंतरिम आदेश दिला : पत्नीला दरमहा १५,००० रुपये, मुलाला सप्टेंबर २०१३ पासून दोन वर्षे ५,००० आणि पुढे १०,०००. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी ४ नोव्हेंबर २०२० रोजी तोच आदेश कायम केला. तोवर मुलाच्या एकट्याच्या वाट्याचा हिशेब ७ लाख ४० हजारांवर गेला होता आणि मूल शाळेत जाण्याइतके मोठे झाले होते. हा सगळा वाद ‘अंतरिम’ रकमेचा होता, हे विसरू नये.

या निकालाने साऱ्या देशासाठी नियम घातले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे शपथपत्र द्यायचे. रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागू धरायची. हे शपथपत्र म्हणजे आमच्या कर्जाच्या अर्जाचा भाऊच. कर्ज मागताना माणूस उत्पन्न फुगवून सांगतो, पोटगीच्या वेळी तोच माणूस ते आकसून सांगतो. म्हणून पगारपत्रक, आयकर विवरण आणि खात्याचा उतारा मागितलाच पाहिजे. पत्नी कमावती असेल तर तिनेही तितकेच खरे सांगावे.

ताब्याबद्दल १९५६ चा कायदा म्हणतो की पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे. नैसर्गिक पालक मात्र आधी वडील, ‘त्यांच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेतले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा लावला. वडील हयात असून मुलाकडे बघतच नसतील, तर ती अनुपस्थितीच. तरी शेवटी मुलाचे हित सर्वांत वर. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण ती अजून कायद्यात उतरलेली नाही.

आपल्या बैठकांमध्ये एक चूक मला नेहमी खटकते. ‘पैसे नाहीत तर भेट नाही’ किंवा ‘भेट नाही तर पैसे नाहीत’ असा सौदा होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मुलाच्या हक्काच्या आहेत. तसेच एकरकमी तडजोडीत आईने ‘मुलासाठी पुढे काही मागणार नाही’ असे लिहून दिले तरी मुलाचा हक्क संपत नाही, असे न्यायालयांनी सांगितले आहे. मध्यस्थांनी असे कलम घालूच नये.

माहेरी आलेल्या मुलीला अर्जासाठी पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. जुन्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. ती जिथे राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे देवासला किंवा धारला, अर्ज करता येतो. कुटुंब न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज इंदूर खंडपीठाकडे. परिस्थिती बदलली तर कलम १४६ खाली रक्कमही बदलून मागता येते. मात्र थकबाकीच्या वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल आज ना उद्या’ म्हणून थांबणाऱ्यांचे जुने महिने त्यात बुडतात. देणाऱ्यानेही रोख देऊ नये. मुलाच्या नावे, आई पालक असलेले खाते उघडावे आणि दरमहा ठरलेल्या तारखेला त्यातच भरावे, म्हणजे उद्या कोण काय म्हणतो ते पासबुकच सांगेल.