मेटियाब्रुजची संस्कृती कोणाची?

कोलकात्याच्या गार्डन रीच भागातील मेटियाब्रुजचे नाव निघाले की बिर्याणी, ठुमरी आणि पतंगबाजी यांचेच गोडवे गायले जातात. 1856 साली ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य गिळंकृत केले. पदच्युत नवाब वाजिद अली शाह येथे आला, वार्षिक 12 लक्ष रुपयांच्या तनख्यावर त्याने हुगळीकाठी दुसरे लखनौ वसविले आणि 1887 साली येथेच त्याचा अंत झाला. त्यानंतर ब्रिटिशांनी त्याच्या मालमत्तेची विल्हेवाट लावली. महाल गेले, राहिली ती श्रमणारी वस्ती. परंतु दरबाराचा कैवार घेणाऱ्यांना ही वस्ती दिसत नाही.

आज मेटियाब्रुज हे तयार कपड्यांचे मोठे केंद्र आहे. ‘ओस्तागर’ कापड आणून बेततो. शिवण, काज-बटण, इस्त्री ही कामे घरोघरी वाटली जातात. मजुरी नगावर. ईद आणि दुर्गापूजेपूर्वी रात्रंदिवस राबावयाचे, हंगाम सरला की रिकाम्या हातांनी बसावयाचे. याच गार्डन रीचमध्ये केंद्र सरकारने 1960 साली ताब्यात घेतलेला जहाजबांधणीचा कारखाना आहे. तेथील कायम कामगाराला हजेरीपट आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. घरात शिवणाऱ्या स्त्रीला कागदावर मालकच नाही!

‘ही पिढीजात कला आहे, येथे मालक-मजूर कसले?’ असा युक्तिवाद केला जातो. ओस्तागरांतही अनेक जण बड्या व्यापाऱ्याच्या उधारीखाली दबलेले आहेत, हे खरे. परंतु त्यामुळे शोषण नाहीसे होत नाही. ते एक पायरी खाली ढकलले जाते.

संस्कृतीच्या नावाखाली श्रम झाकण्याचा हा प्रकार नवा नाही. हिमालयातील जौनसार-बावरमध्ये जौनसारी समाजाच्या बहुपतित्वाच्या चालीचे कुतूहल अभ्यासकांना फार. त्याच समाजात कर्जापायी पिढ्यानपिढ्या वेठीला बांधलेल्या कोल्टांची दखल मात्र उशिरा घेतली गेली. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला तो 1976 साली. आपल्या मालेगावातही 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या उर्दू मुशायऱ्यांचे कौतुक होते, यंत्रमागावरील मजुरीची चर्चा क्वचितच.

घरकामगारांना इतर मजुरांच्या बरोबरीने हक्क देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1996 साली झाला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. प्रत्येक घरकामगाराची नोंदणी, नगाचा किमान दर आणि तो देण्याची जबाबदारी बड्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचविणे, या तीन मागण्या मेटियाब्रुजच्या आहेत, तशाच भिवंडी-मालेगावच्याही आहेत. नवाबाच्या कबरीवर फुले अवश्य वाहावीत. परंतु ज्या हातांनी ही संस्कृती जगविली, त्यांच्या मजुरीचा हिशेब प्रथम चुकता झाला पाहिजे.